लुक्लाचा चढ: बटाट्याच्या शेतात घडलेली धावपट्टी

समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक चित्रफीत नव्याने फिरू लागते. डोंगराच्या कुशीत एक आखूड, डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी तिरपी धावपट्टी. तिच्या खालच्या टोकाशी दरी, वरच्या टोकाशी भिंत. दरीतून एक छोटे विमान प्रकट होते, काठावर टेकते, थेट भिंतीच्या रोखाने चढत जाते आणि आता आदळणार असे वाटत असतानाच बाजूच्या फरसबंद जागेत वळून थांबते. खालचे शीर्षक ठरलेले असते: 'जगातील सर्वांत धोकादायक विमानतळ'.

हे लुक्ला. नेपाळच्या पूर्व भागातील सोलुखुंबू जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटर उंचीवर. धावपट्टीची लांबी अवघी ५२७ मीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे निघालेला प्रवासी बहुधा येथेच उतरतो, आणि त्यांत मराठी गिर्यारोहकांची व हौशी पदभ्रमण करणाऱ्यांची संख्या दरवर्षी मोठी असते.

चित्रफितीत भीती वाटते ती त्या चढाची. परंतु चढ हा लुक्लाचा धोका नव्हेच. तो धोक्यावर काढलेला तोडगा आहे. खरा धोका चित्रफितीत सहसा दिसत नाही. तो कोठे आहे हे समजून घेण्यासाठी विमान बाजूला ठेवून आधी पायवाटेपासून सुरुवात करावी लागते.

१९५३ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून निघाली तेव्हा पूर्वेकडे जाणारा मोटाररस्ता खोऱ्याबरोबरच संपत होता. साडेतीनशेहून अधिक हमालांच्या पाठीवर सामान चढले आणि तांडा एकामागून एक डोंगररांगा ओलांडत खुंबूकडे चालू लागला. तेंगबोचेच्या मठापर्यंत पोहोचण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. या भागातील नद्या हिमालयातून दक्षिणेकडे वाहतात आणि वाट जाते पूर्वेकडे. म्हणजे प्रत्येक नदीसाठी खोल उतरायचे आणि प्रत्येक रांगेसाठी पुन्हा तितकेच चढायचे. सह्याद्रीत आडवी घाटवाट चालणाऱ्यास हा प्रकार ठाऊक असतो. फक्त येथे सह्याद्रीच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा हिशेब असतो.

मोहीम यशस्वी झाली. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे शिखरावर पोहोचले. त्यानंतरची हिलरींची गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. ते खुंबूत परत परत येत राहिले, आणि शेर्पा गावांच्या मागण्या ऐकून कामाला लागले. १९६१ मध्ये खुमजुंग येथे शाळा उभी राहिली. पुढे रुग्णालयाची योजना आखली गेली. शाळा किंवा रुग्णालय म्हणजे केवळ इमारत नव्हे. पत्रे, खिळे, सिमेंट, खाटा, औषधे, उपकरणे हे सारे काठमांडूहून पाठीवर आणायचे. एका वजनदार पेटीसाठी एक माणूस कित्येक दिवस चालणार, आणि वाटेत त्याच्या जेवणाचीही व्यवस्था लागणार. विमानाची गरज पडली ती या हिशेबातून.

विमान उतरवायचे कोठे, हा प्रश्न खुंबूत नवा नव्हता. हिलरींच्या १९६०-६१ च्या मोहिमेच्या काळात आमा दब्लमच्या पायथ्याशी मिंगबो येथे एक पट्टी तयार करण्यात आली होती. उंची सुमारे साडेचार हजार मीटर. तिबेटमधून आलेल्या निर्वासितांसाठी रेड क्रॉसची मदत घेऊन स्वित्झर्लंडचे पिलाटस पोर्टर विमान तेथे उतरत असे. परंतु इतक्या विरळ हवेत, इतक्या आखूड जागेत नियमित ये-जा करणे कोणालाच परवडणारे नव्हते. मिंगबो मागे पडले.

हे पोर्टर विमान मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पहिले उड्डाण १९५९ चे. शेजारच्या शेतातही उतरता यावे अशी बांधणी. १९६० मध्ये धौलागिरीवर गेलेल्या स्विस मोहिमेने 'येती' नावाचे असेच एक विमान बरोबर घेतले होते आणि ५,००० मीटरहून अधिक उंचीवरील बर्फावर ते उतरवले होते. मोहीम संपण्यापूर्वीच ते विमान कोसळले. वैमानिक बचावले आणि पायी खाली आले. उंचीवरील आखूड जागा विमानाला किती क्षमा करते, याची हिमालयाला झालेली ही पहिली ओळख म्हणता येईल.

त्याच काळात आल्प्समध्ये एक वेगळीच विद्या आकार घेत होती. हेर्मान गायगर या स्विस वैमानिकाने १९५० च्या दशकात हिमनद्यांवर विमान उतरवण्याची पद्धत रूढ केली: सपाट जागा शोधू नये, चढ शोधावा, चढाकडे तोंड करून उतरावे आणि उताराकडे तोंड करून उडावे. फ्रान्समधील कुर्शव्हेल येथे १९६० च्या दशकाच्या आरंभी याच तत्त्वावर कायमची पट्टी झाली. लांबी ५३७ मीटर आणि चढ १८.५ टक्के, म्हणजे लुक्लाहून अधिक तीव्र. लुक्लाला 'जगावेगळे' म्हणणाऱ्यांनी कुर्शव्हेलचे एखादे छायाचित्र जरूर पाहावे.

लुक्लाची पट्टी मात्र अशा कोणत्याही शास्त्रीय हेतूने तिरपी झाली नाही. ती तिरपी झाली कारण सपाट जमीन मिळाली नाही.

हिलरींनी आधी सपाट शेतजमिनी पाहिल्या. शेतकऱ्यांनी नकार दिला. या नकाराकडे हटवादीपणा म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. दूधकोशीच्या खोऱ्यात सपाट जमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगडी बांध घालून डोंगराकडून हिसकावून घेतलेली जमीन. ती विमानासाठी सोडायची आणि स्वतः काय खायचे? मग वरच्या बाजूला लुक्ला येथील उतरती जागा पुढे आली. थोडी बटाट्याची शेते, बाकी चराऊ रान. लुक्ला या नावाचा अर्थच मेंढ्या-बकऱ्यांची जागा असा सांगितला जातो. ही जमीन शेर्पा मालकांकडून विकत घेण्यात आली आणि १९६४ मध्ये काम सुरू झाले. यंत्रे नव्हती, कुदळी, फावडी आणि गावकऱ्यांचे हात होते. दगड उपटले, झुडपे काढली, खड्डे बुजवले.

जमीन साफ झाली, तरी भुसभुशीतच राहिली. विमानाचे चाक रुतेल अशी. रोलर आणणार कोठून? तेव्हा हिलरींनी शेर्पांना स्थानिक मद्य पाजले आणि पट्टीवर त्यांचा पारंपरिक नाच करायला सांगितले. शेर्पांच्या नाचात लोक एकमेकांच्या हातांत हात गुंफून रांगेने उभे राहतात आणि ठेक्यावर पाय आपटत सरकतात. नाच रंगला आणि जमीन चोपली गेली. आपल्याकडे खळे करताना पाणी शिंपडून जमीन चोपतात, त्याचाच हा सामुदायिक आणि बऱ्याच अधिक आनंदाचा प्रकार. जगातील किती धावपट्ट्यांचा इतिहास नाचापासून सुरू होतो? पुढे जवळजवळ चार दशके ही पट्टी मातीची आणि गवताचीच राहिली. डांबरीकरण झाले ते २००१ मध्ये.

खुंदे गावातील रुग्णालय १९६६ मध्ये सुरू झाले. ज्या कामासाठी पट्टी केली ते काम दोन वर्षांत उभे राहिले.

आता त्या चढाकडे वळू. लुक्लाच्या धावपट्टीचा चढ ११.७ टक्के आहे. म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की जवळजवळ बारा मीटर वर. पूर्ण ५२७ मीटरचा हिशेब केला तर दोन टोकांच्या उंचीत सुमारे ६२ मीटरचा फरक पडतो. साधारण वीस मजली इमारतीइतका.

या ६२ मीटरचे मोल एका साध्या गणिताने कळते. ताशी सुमारे १२५ किलोमीटर वेगाने जाणारी कोणतीही वस्तू, तिचे इंजिन बंद करून, घर्षण आणि ब्रेक विसरून, केवळ चढावर सोडली तर ती किती उंच जाऊन थांबेल? शाळेतील सूत्र उत्तर देते: सुमारे ६१ मीटर. म्हणजे अशा छोट्या विमानाच्या टेकण्याच्या वेळच्या वेगाएवढा वेग निव्वळ चढून जाण्यात खर्ची पडू शकतो. घाटात सायकल चालवताना पायडल थांबवले की ब्रेक न लावता सायकल थांबते, तेच हे. उड्डाणाच्या वेळी नाणे उलटते: उतार विमानाला पुढे ढकलतो आणि आखूड पट्टीतही उडण्यापुरता वेग मिळतो. सपाट असती तर ५२७ मीटरची पट्टी या उंचीवर याहून कितीतरी घातक ठरली असती.

'या उंचीवर' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. २,८४५ मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असते. पंखांना पुरेशी उचल मिळण्यासाठी विमानाला विरळ हवेतून अधिक वेगाने जावे लागते. गंमत अशी की वैमानिकापुढील वेगदर्शक हवेच्या दाबावर चालतो, म्हणून तो नेहमीचाच आकडा दाखवतो. काटा १२० वर असेल, तर जमिनीच्या संदर्भात विमान प्रत्यक्षात ताशी सुमारे १३८ किलोमीटर वेगाने धावत असते. वेग पंधरा टक्के वाढला की थांबण्यास लागणारे अंतर सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. इंजिनालाही विरळ हवेचा फटका बसतो. थोडक्यात, लुक्लात येणारे प्रत्येक विमान त्याच्या वैमानिकाला वाटते त्यापेक्षा वेगवान असते आणि कागदावर लिहिले आहे त्यापेक्षा दुबळे.

तरीही चढ ही विमानाची बाजू घेणारी गोष्ट. मग अपघात का होतात?

पहिले कारण त्याच चढात दडलेले आहे, पण ते जमिनीवर नाही, माणसाच्या डोळ्यांत आहे. वैमानिक आयुष्यभर सपाट पट्ट्या पाहत असतो. दुरून पट्टीचा जो आकार दिसतो, त्यावरून आपण किती उंचीवर आहोत याचा अंदाज त्याच्या नजरेत मुरलेला असतो. चढती पट्टी समोरून उभी राहिल्यासारखी, लांबट दिसते. जणू आपण फार वरून पाहत आहोत. नजर सांगते, 'उंची जास्त झाली, खाली घे.' वैमानिकाने तिचे ऐकले तर विमान योग्य मार्गाच्या खाली जाते. मोकळ्या मैदानात याची किंमत फार नसते. लुक्लाच्या पट्टीचे तोंड मात्र कड्यावर आहे. खाली दूधकोशीचे खोरे सुमारे सहाशे मीटर खोल. पट्टीच्या दहा मीटर खाली असणे म्हणजे कड्याच्या भिंतीसमोर असणे.

दुसरे कारण वारा आणि ढग. सकाळी खोरे शांत असते. ऊन चढले की डोंगरउतार तापतात आणि दक्षिणेकडून, खोऱ्यातून वर वारा वाहू लागतो. उतरणारे विमानही खोऱ्याकडूनच डोंगराकडे येत असल्यामुळे हा वारा त्याच्या पाठीमागून येतो आणि आधीच वाढलेल्या वेगात भर घालतो. त्याच वाऱ्याबरोबर ओलावा वर येतो, त्याचे ढग होतात. म्हणून लुक्लाची बहुतेक उड्डाणे पहाटेपासून दुपारपूर्वीच उरकली जातात. मोठ्या विमानतळांवर ढगांतही विमानाला पट्टीपर्यंत आणणारी उपकरणे असतात. लुक्लात उतरणे पूर्णपणे डोळ्यांवर अवलंबून आहे.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. बहुतेक विमानतळांवर उतरताना काही बिनसले तर वैमानिक इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर चढतो, एक फेरी मारतो आणि नव्याने प्रयत्न करतो. लुक्लात वरच्या टोकापलीकडे डोंगर आहे. एका विशिष्ट बिंदूनंतर परत फिरण्याची वाट उरत नाही, उतरायचेच. म्हणजे 'उतरायचे की नाही' हा निर्णय पट्टीवर पोहोचण्यापूर्वी, दरीच्या तोंडाशी असतानाच घ्यावा लागतो. आणि ढगाला हा बिंदू ठाऊक नसतो.

८ ऑक्टोबर २००८ ची सकाळ. काठमांडूहून निघालेले यती एअरलाइन्सचे ट्विन ऑटर लुक्लाजवळ आले. आत १९ माणसे होती, त्यांत बारा जर्मन पर्यटक. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात विमान ढगात शिरले. पट्टी नजरेआड झाली. विमान पट्टीच्या तोंडाशी असलेल्या कुंपणाला अडकून कोसळले आणि पेटले. १८ जण मृत्युमुखी पडले. एकटा मुख्य वैमानिक वाचला. त्याच वर्षी ११ जानेवारीला हिलरींचे निधन झाले होते आणि विमानतळाला तेनझिंग-हिलरी हे नाव नुकतेच देण्यात आले होते.

२७ मे २०१७ रोजी एक मालवाहू लेट ४१० विमान ढगाळ हवेत लुक्लात उतरत होते. तेही पट्टीपर्यंत पोहोचले नाही. काठाच्या अलीकडे, खालच्या उतारावर आदळले. दोन्ही वैमानिक गेले.

या दोन्ही घटनांतील साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. पट्टी आखूड म्हणून विमान पुढच्या भिंतीवर जाऊन आदळले, असे एकाही वेळी घडले नाही. चित्रफीत पाहणाऱ्याची नजर वरच्या भिंतीवर खिळते; मृत्यू दोन्ही वेळा खालच्या काठाशी उभा होता. ५२७ मीटरच्या जागी हजार मीटरची पट्टी असती तरी कुंपणाला अडकलेले ते विमान वाचले नसते. वाचले असते ते ढग दिसताच माघारी वळल्यामुळे.

अशा अपघातांच्या अहवालांत 'वैमानिकाची चूक' हे शब्द हमखास भेटतात. ते खोटे नसतात, पण अपुरे असतात. माघारी वळणे म्हणजे इंधन वाया जाणे, दिवसाच्या पुढच्या फेऱ्या बुडणे, खाली ताटकळलेल्या आणि परतीचे तिकीट हातात असलेल्या प्रवाशांचा संताप. ढगांत मिनिटभर फट पडते, आधीचे विमान त्यातून उतरलेले असते, मग आपणही उतरू असे वाटते. एका माणसाच्या निर्णयावर इतक्या गोष्टींचे ओझे ठेवायचे आणि नंतर त्याच्या एकट्याच्या नावावर चूक मांडायची, हा न्याय थोडा सोयीचा वाटतो.

१४ एप्रिल २०१९ चा अपघात याहून वेगळा. तेव्हा लेट ४१० विमान उडण्यासाठी धावत असताना पट्टीवरून बाजूला सरकले आणि शेजारी उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरवर धडकले. तीन जण दगावले. एवढ्याशा जागेत पट्टी, विमानांचा तळ आणि हेलिकॉप्टरांची जागा एकमेकांना खेटून आहेत. जरा दिशा चुकली की कोणीतरी मध्ये असतेच.

नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने लुक्लासाठी वैमानिकांवर घातलेल्या अटी कडक आहेत. आखूड पट्ट्यांवरील किमान शंभर उड्डाणांचा अनुभव, नेपाळमध्येच अशा उड्डाणांचे किमान एक वर्ष आणि त्यानंतर मान्यताप्राप्त प्रशिक्षकाबरोबर लुक्लाच्या दहा फेऱ्या. एवढे झाल्यावरच येथे विमान उतरवण्याची परवानगी मिळते. असे असूनही युरोपीय संघाने २०१३ पासून सर्व नेपाळी विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली आहे. धोका लुक्लापुरता नाही, हेही खरे. २९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमकडे निघालेले ट्विन ऑटर वाटेतच डोंगरावर आदळले. २२ जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्यांत ठाण्याचे एक चौघांचे कुटुंब होते. महाराष्ट्रात ती बातमी अनेकांच्या स्मरणात असेल.

छोट्या विमानांची ही किंमत हिलरींना स्वतःलाही चुकवावी लागली. दुसऱ्या महायुद्धात ते न्यूझीलंडच्या हवाई दलात दिशादर्शक होते. विमान त्यांना अपरिचित नव्हते. १९७५ मध्ये लुक्लाच्या दक्षिणेस फाफलू येथे आणखी एका रुग्णालयाचे काम सुरू होते आणि हिलरी तेथे मुक्कामी होते. ३१ मार्चला त्यांची पत्नी लुईस आणि सोळा वर्षांची मुलगी बेलिंडा काठमांडूहून छोट्या विमानाने फाफलूकडे निघाल्या. विमान जमिनीवर उभे असताना पंखांवरील हलत्या पट्ट्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून अडसर लावतात. ते काढायचे राहून गेले होते. विमान उडाले, पण वळवता आले नाही. ते काठमांडूतच कोसळले. कोणीही वाचले नाही. फाफलूच्या पट्टीजवळ हिलरी विमानाची वाट पाहत होते. आले ते हेलिकॉप्टर, निरोप घेऊन.

या अपघातात डोंगर नव्हता, चढ नव्हता, ढगही नव्हता. एक छोटी तपासणी राहून गेली होती. हिलरी त्यानंतर बराच काळ खचलेले होते, पण फाफलूचे रुग्णालय त्यांनी अपुरे सोडले नाही.

लुक्लाच्या पट्टीने खुंबूचे काय केले, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. औषधे आली, आजारी माणसे काही तासांत काठमांडूला पोहोचू लागली, शाळांना सामान मिळाले. त्याबरोबरच, ज्या प्रदेशात जाण्यासाठी दोन आठवडे चालावे लागे तो अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आला. पट्टी रुग्णालयासाठी बांधली होती. तिच्यावरून उतरले ते पर्यटक. चहाची दुकाने, वसतिघरे, वाटाडे, हमाल असे एक नवे जग उभे राहिले. शेर्पा घरांत पैसा आला आणि सरपणासाठी जंगलांवर कुऱ्हाडही पडली. पट्टीच्या या परिणामाची खंत हिलरींनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. सगरमाथा राष्ट्रीय उद्यान १९७६ मध्ये झाले, त्यामागे त्यांचाही आग्रह होता. चालत येण्यात शरीराला उंचीची सवय होत असे, तीही आता एका झटक्यात हुकते. लुक्लाहून घाईने वर गेलेल्या माणसाला विरळ हवेचा त्रास होतो तो वेगळाच. जुन्या वाटेवरील जिरीकडच्या गावांचे पदभ्रमण करणारे ग्राहक गेले, ही बाजू तर फारशी कोणी मांडतही नाही.

आज लुक्ला हा सवयीचा भाग झाला आहे. हंगामात काठमांडूच्या विमानतळावरील गर्दीमुळे लुक्लाची उड्डाणे रामेछापच्या मंथली येथून सोडली जातात. मध्यरात्री काठमांडूहून गाडीने निघायचे आणि पहाटे विमानाला लागायचे. नोव्हेंबर २०११ मध्ये सलग काही दिवस धुके राहिले आणि हजारांहून अधिक पर्यटक लुक्लात अडकून पडले. खोल्या संपल्या, लोक भोजनगृहांत आणि तंबूंत झोपले, हेलिकॉप्टरांसाठी झुंबड उडाली. त्या दिवसांच्या बातम्यांत सूर होता गैरसोयीचा. एकही विमान धुक्यात उतरवण्याचा प्रयत्न झाला नाही, ही त्यातली मोठी बातमी कोणी मथळ्यात घेतली नाही.

दक्षिणेकडून मोटाररस्ता आता टप्प्याटप्प्याने खुंबूच्या दिशेने वर सरकतो आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तो बंद पडतो, पुन्हा उघडतो. लुक्लाच्या खालच्या गावांपर्यंत जीप येऊ लागल्या आहेत, आणि विमान रद्द झाले की प्रवासी पाठीवर पिशवी टाकून त्या जीपच्या दिशेने, जुन्याच वाटेने, डोंगर उतरू लागतात.